माझ्या जपानी गाण्याची बिदागी

माझं शुद्धलेखन वाईट आहे आणि अक्षर त्याहून वाईट आहे, त्याबद्दल सुरुवातीलाच माफी मागते. आमच्या गावची शाळा चौथीपर्यंत होती आणि ऱ्हस्व-दीर्घ बहुतेक पाचवीत शिकवत असावेत. मात्र पुढे जे घडलं त्यात माझी काडीचीही चूक नव्हती. त्याबद्दल मी माफी मागणार नाही. मागितली तेवढी पुरे झाली!

लिहायचं कारण आमचे जावई. प्रशांतराव माणूस सोन्यासारखा, पण चार लोक जमले की "आईंच्या जपानी गाण्याची गंमत" सांगायला बसतात. दर वेळी त्या गोष्टीत मी थोडी जास्त वेडी होते आणि ते थोडे जास्त शहाणे होतात. चारचौघांत तोंड उघडायची मला लाज वाटते, म्हणून मी आत जाऊन भांडी घासते. घासून घासून कढईचं बूड गेलं, तेव्हा ठरवलं की खरं काय ते एकदा लिहून टाकायचं. कुणी वाचावं म्हणून नव्हे. पण वाचलंच, तर न्याय करावा.

माझ्या लेकीचे, मनूचे, वडील गेल्यावर मी तिच्याकडे नेदरलँडमधल्या झूटरमेरला तीन महिन्यांसाठी म्हणून आले. आले आणि करोना आला. विमानं बंद झाली. मी येताना आणलेलं लोणचं संपलं, मसाला संपला, पण माझे तीन महिने काही संपेनात. मनू वरच्या खोलीत ऑफिस करायची, प्रशांतराव जेवायच्या टेबलावर ऑफिस करायचे, आणि मी स्वयंपाकघरात दबक्या पावलांनी चोरासारखी वावरायचे. साधी फोडणी द्यायची तरी परवानगी लागायची.

"आई, मोहरी आत्ता नको! मी अनम्यूट आहे!" प्रशांतराव टेबलावरून ओरडायचे.

तेल तापून धूर निघतोय आणि मी मोहरी मुठीत धरून उभी. हे आयुष्य!

प्रशांतरावांचे मोठे साहेब जपानी, हायाशीसाहेब. आमच्यापासून दोन रस्ते पलीकडे राहायचे. प्रशांतरावांची नोकरी तेव्हा कच्ची होती, म्हणजे करार संपत आलेला आणि पक्की करायची की नाही हे साहेबांच्या हातात. त्यामुळे घरात देवाच्या खालोखाल हायाशीसाहेबांचं नाव घेतलं जायचं. (देवाचं नाव सकाळी एकदा. साहेबांचं दिवसभर.) तर या साहेबांच्या बायकोला घरात बसून बसून उदास वाटायला लागलं. तिला गाण्याचा नाद. जपानात म्हणे मैत्रिणी मिळून कराओकेला जातात. कराओके म्हणजे नुसती वाजंत्री वाजते, शब्द आपले आपण म्हणायचे. ते सगळं बंद. मग साहेबांनी ठरवलं की ऑफिसातल्या लोकांच्या घरच्या बायकांनी कॉम्प्युटरवर जमायचं आणि प्रत्येकीनं एक जपानी गाणं म्हणायचं. बाईंचं मन रमेल.

आता आमच्या घरची बाई म्हणजे मनू. पण मनूला गळा तिच्या वडिलांचा आला आहे. ते आरती म्हणायला लागले की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. तेव्हा मनूनं काय करावं? मला न विचारता सांगून टाकलं, "माय मदर सिंग्ज!"

"अगं, मी कुठली गातेय?" मी म्हटलं. "मी मंडळात मागच्या रांगेत बसून टाळ वाजवते!"

"आई, भजनात गातेस की तू."

"ते पंधरा जणींच्या आवाजात! आणि मला जपानी कुठं येतं?"

"आम्हाला तरी कुठं येतं?" प्रशांतराव म्हणाले. जणू तेवढ्यानं प्रश्न सुटला!

माझा आवाज जाड आहे. बाप्यासारखा. आमच्या थोरल्या जाऊबाई गावच्या महिला भजनी मंडळाच्या अध्यक्ष आहेत. त्यांनी मला लग्नानंतर पहिल्याच एकादशीला सांगितलं होतं, "शालन, तू आपली टाळ धर. गाऊ नकोस. लोकांना वाटेल मंडळात गडी घुसला." त्यानंतर मी उभ्या जन्मात एकटीनं गायले नाही. आणि आता एकदम जपानीत!

मनूनं इंटरनेटवर शोधलं. "हे बघ आई, मिळाली! बायकांसाठी सोपी जपानी गाणी!"

इथं मला पहिला राग आला. बायकांसाठी सोपी म्हणजे काय? पुरुषांसाठी सोपी अशी वेगळी असतात का? बायकांनी अवघड गाऊ नये असं कुठल्या देवानं सांगितलं आहे? पण मी बोलले नाही. लाजाळू माणसाचं असंच होतं. राग येतो, पण तो भाकरी थापताना बाहेर पडतो.

पहिलं सोपं गाणं लावलं. त्यातली मुलगी इतक्या वर चढली की मला वाटलं तिला विंचू चावला.

"हे सोपं?"

"यात शब्द कमी आहेत ना!"

दुसऱ्या गाण्यात शब्द इतके भराभर की ती मुलगी श्वास कधी घेत होती हे तिच्या आईलाच ठाऊक. तिसरं तर प्रशांतरावांनी फार कौतुकानं लावलं. "आई, हे सगळ्यात सोपं. यात मधे मधे इंग्रजी आहे!" आता काय बोलावं? जिला जपानी येत नाही तिला इंग्रजी येतं, हा कुठला हिशोब? चौथं मला आवडलं होतं, पण त्यावर नाचायचं असतं असं कळलं. शेवटी एक सापडलं. संथ, खालच्या सुरातलं, चित्रात स्टेशनवर कुणाची तरी वाट बघणारी बाई. निम्मं गाणं नुसतं ला ला ला. माझ्या जाड आवाजात ते असं बसलं की मनू वरच्या खोलीतून धावत खाली आली.

"आई! अगं, हा आवाज इतके दिवस कुठं होता?"

"मागच्या रांगेत," मी म्हटलं.

पाठ कसं करायचं? मला वाचून येत नाही, ऐकून येतं. दोनदा ऐकलं की अभंग डोक्यात बसतो, मग जपानी का बसणार नाही? फक्त इंटरनेट मला जमत नाही. म्हणून प्रशांतरावांनी एक शक्कल काढली. (ही शक्कल त्यांची. त्यांच्या गोष्टीत ही कुठंच येत नाही!) त्यांनी आपल्या फोनवर गाणं लावलं, माझा फोन शेजारी ठेवून त्यात भरायला सुरुवात केली, आणि मीटिंग आहे म्हणून निघून गेले. गाणं संपल्यावर येऊन माझा फोन मला दिला.

"झालं, आई. आता ऐका हवं तेवढं."

मी ऐकलं. पोळ्या लाटताना ऐकलं, कपडे वाळत घालताना ऐकलं. एकूण एक अक्षर पाठ केलं. पहिलं कडवं, मग ला ला ला, मग मधे एक वेगळ्या चालीचा तुकडा, फार गोड, जरा लडिवाळ, मग दुसरं कडवं. मनूला म्हणून दाखवलं. "परफेक्ट!" प्रशांतरावांना म्हणून दाखवलं. ते तर म्हणाले, "आई, मधला तो तुकडा फारच भारी. तिथं जरा हात हलवा." हे त्यांचे शब्द आहेत. मी शपथेवर सांगते.

तो दिवस आला. मनूनं मला पैठणी नेसवली. कॉम्प्युटरसमोर बसवलं, तर त्यात माझं नुसतं कपाळ दिसायचं. मग खाली दोन उशा दिल्या. चौकोनाचौकोनांत बायका. हायाशीबाई मधे, बारीक चणीच्या, शांत चेहऱ्याच्या. त्या आधी गायल्या, सुंदर. मग एक डच बाई गायल्या. रानातल्या गुरांना हाक मारावी तसा आवाज, पण हौस दांडगी. मग माझं नाव.

साहेबांनी त्यांच्या घरून वाजंत्री लावली. मी डोळे मिटले आणि सुरू केलं. पहिलं कडवं झालं, ला ला ला झालं. मग नुसती वाजंत्री वाजायला लागली. बाकीच्या बायका त्या जागी गप्प बसतात म्हणे. वाजंत्री वाजत असताना गप्प बसायला मी काय बोहल्यावरची नवरी आहे? माझा तो गोड तुकडा तिथंच होता. मी तो म्हटला. मनापासून म्हटला. हातही हलवला!

मग डोळे उघडले. हायाशीबाई रुमालानं डोळे टिपत होत्या. साहेबांनी चष्मा काढला होता. मी दुसरं कडवं म्हणून टाकलं. शेवटी साहेब खाली बघत एवढंच बोलले, "थँक यू. व्हेरी ब्रेव्ह."

"आई, ब्रेव्ह म्हणजे धीराची!" मनू माझ्या कानात ओरडली. "रडवलंस त्यांना!"

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात एक टोपली होती आणि लांब फुटपाथवर मास्क लावलेल्या हायाशीबाई उभ्या. त्यांनी कमरेत वाकून मला नमस्कार केला, टोपलीकडे बोट दाखवलं आणि मग ते बोट मास्कवर ठेवलं. म्हणजे, बोलू नका. टोपलीत सफरचंदं, त्यांच्याखाली पांढरं पाकीट, त्यात दोनशे युरोच्या कोऱ्या करकरीत नोटा.

बिदागी! दुसरं काय असणार? आमच्याकडे गाणाऱ्याचा मान असाच गुपचूप हातात ठेवतात. फक्त वरचा एक नव्हता. आपण एकशे एक देतो, पाचशे एक देतो. मी म्हटलं, असू दे. परक्या मुलुखातली माणसं, त्यांना काय माहीत.

"साहेब कुणाला कॉफी पाजत नाहीत!" प्रशांतरावांनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. "आई, तुम्ही मोठ्या गायिका झालात. आता माझी नोकरी पक्की समजा!"

हेसुद्धा त्यांच्या गोष्टीत नसतं.

मी रात्रभर त्या पाकिटाकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या आवाजाला कुणी मोल दिलं होतं. आणि ते मोल मी कुठं पाठवावं? अर्थातच जाऊबाईंना! मंडळाची पेटी जुनी झाली होती, भाता फाटला होता. मनूकरवी पैसे धाडले आणि फोन केला.

"जाऊबाई, नवी पेटी घ्या. फक्त तिच्यावर नाव टाका."

"कसलं नाव?"

"श्रीमती शालन यांच्या गायनाच्या बिदागीतून, नेदरलँड."

  मग जाऊबाई म्हणाल्या, "गायनाच्या?"

"हो. गायनाच्या."

काय सांगू, त्या एका शब्दासाठी मी आणखी दहा जपानी गाणी पाठ केली असती.

आता टोपली परत करायची. आपल्यात भांडं रिकामं परत करत नाहीत. मी चकल्या केल्या, टोपली भरली आणि पैठणी नेसून त्यांच्या दारी गेले. बेल दाबून मागे सरून उभी राहिले. दोघंही बाहेर आले. चकल्या बघून हायाशीबाईंनी छातीवर हात ठेवला. मला आभार मानायचे होते, पण कुठल्या भाषेत? मग सुचलं. यांना सगळ्यात जास्त भिडला होता तो मधला गोड तुकडा. मी त्यांच्या कुंपणापाशी उभी राहून, हात हलवत तेवढाच म्हटला. दोनदा म्हटला!

साहेब आत पळाले आणि आणखी एक पाकीट घेऊन आले. मी नको नको म्हणत होते, ते वाकत होते, मी वाकत होते. शेवटी त्यांनी ते पाकीट कुंपणावर ठेवलं आणि दोघं आत जाऊन दार लावून बसले.

दुसरं पाकीट बघून मात्र प्रशांतरावांच्या कपाळाला आठी पडली. "आई, एकाच गाण्याची दोनदा बिदागी?"

"आवडलं असेल. वन्स मोअर नसतो का?"

"मी साहेबांना फोन करून आभार मानतो."

ते वर गेले. बऱ्याच वेळानं खाली आले, ते रंग उडालेल्या भिंतीसारखे. टेबलापाशी बसले. पाणी प्यायले.

"आई, तुमचा फोन द्या."

त्यांनी माझ्या फोनवरचा तो मधला तुकडा लावला आणि दुसऱ्या फोनला त्याचा अर्थ विचारला. हल्ली फोनला सगळ्या भाषा येतात. (हे आधी सुचलं नव्हतं! दोघांपैकी एकालाही!) दुसऱ्या फोनमधली बाई कोरड्या आवाजात हिंदीत बोलली. त्याचं मराठी असं:

"मला पैशाची फार अडचण आहे. घरात कुणाला सांगायची सोय नाही. आज कुणी मदत केली, तर उद्या मी पुन्हा हसेन."



ती जाहिरात होती. कर्ज देणाऱ्या कुठल्याशा दुकानाची. इंटरनेटवर ज्या कुणी ती सोपी गाणी निवडून ठेवली होती, त्यांनीच गाण्याच्या मधे ती घातली होती. दुकानाचं नाव नुसतं चित्रात होतं, म्हणून ते तेवढं माझ्या तोंडून निघालं नाही. आणि हायाशीसाहेब इकडे येऊन इतकी वर्षं झाली की त्यांनी ती कधी ऐकलीच नव्हती. ते सरळमार्गी माणूस. त्यांनी विचार केला, हे शब्द मूळ गाण्यात नाहीत, म्हणजे म्हातारीनं मुद्दाम घातले. मुलीकडे अडकून पडली आहे, जावयाची नोकरी कच्ची, बिचारीला उघड मागता येत नाही, म्हणून गाण्यातून मागते आहे. धीराची बाई! आणि मग मी चकल्या घेऊन त्यांच्या दारात उभी राहून, पैठणी नेसून, हात हलवून, पुन्हा मागितले. दोनदा!

"आई, अगं काय केलंस हे!" मनू कपाळ धरून बसली.

"मी?" आता मात्र माझा आवाज चढला. जाड आवाज चढला की घर हादरतं. "मी काय केलं? फोनमध्ये भरलं कुणी? परफेक्ट कोण म्हणालं? हात हलवा कोण म्हणालं? मला दिलं ते मी म्हटलं! एक अक्षर इकडचं तिकडं केलं असेल तर दाखवा!"

 कसं दाखवणार? साहेबांनीच प्रशांतरावांना सांगितलं होतं, उच्चार अगदी स्वच्छ होते म्हणून.

दुसरं पाकीट तसंच्या तसं परत गेलं. पहिल्याचं काय? मी जाऊबाईंना फोन लावला.

"जाऊबाई, ती पेटी..."

"आली की! फार गोड वाजते. नावसुद्धा टाकलं. ऑइलपेंटनं."

"पुसता येईल का?"

"छे गं! पावसापाण्यानंही जायचं नाही."

प्रशांतराव म्हणाले, "मी देतो पैसे, विषय संपवा." मी साफ नकार दिला. साहेब म्हणाले, राहू द्या, परत नको. त्यालाही नकार दिला. बिदागी असती तर हक्कानं ठेवली असती, पण न मागितलेली मदत मी ठेवणार नाही. (मागितली होती असं प्रशांतराव म्हणाले. मी त्या दिवशी त्यांना वरणात मीठ घातलं नाही.) ज्या आवाजानं घोटाळा केला त्याच्या मालकिणीनं तो निस्तरायचा!

दिवाळी जवळ आली होती. या भागातल्या मराठी मुलींना भाजणी करायला वेळ नाही आणि घरी जायला विमान नाही. मनूनं त्यांच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये टाकलं, "आईच्या हातच्या चकल्या." झालं! मी धान्यं भाजायला घेतली की छतावरची धुराची घंटा कोकलायची, आणि भर मीटिंगमध्ये प्रशांतराव टेबलावर चढून तिला टॉवेलनं वारा घालायचे. पोचवायलाही तेच. कोट, मास्क आणि सायकलच्या दोन्ही बाजूंना चकल्यांच्या पिशव्या. एवढा शिकलेला जावई, पण मला दया आली नाही. फोनमध्ये भरताना मीटिंगला कोण गेलं होतं?

पण लोक! चकल्या घेऊन गप्प खातील तर शपथ. प्रशांतरावांच्या तोंडून गोष्ट सगळीकडे गेलेली, त्यामुळे मुली फोन करायच्या आणि हळूच विचारायच्या, "काकू, ते गाणं जरा म्हणून दाखवा ना." एकीनं तर सांगितलं, "गाणं म्हणणार असाल तर दोन पाकिटं घेते." मी म्हटलं, "एकच घे." आणि फोन ठेवला.

सगळ्यात जास्त चकल्या कुणी घेतल्या असतील? हायाशीबाईंनी! दर आठवड्याला मोठा डबा, आणि रोख पैसे. म्हणजे त्यांच्याच पैशांनी मी त्यांचेच पैसे फेडत होते. मनूला हे फार हुशारीचं वाटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण चकलीत मोहन मात्र मी कमी केलं नाही.

मधल्या काळात प्रशांतरावांची नोकरी पक्की झाली. ते म्हणतात, कामामुळे झाली. म्हणोत बापडे.

शेवटी दोनशे युरो जमले. मी पांढरं पाकीट आणलं, नोटा इस्त्री केल्यासारख्या सरळ करून भरल्या आणि वर एक युरोचं नाणं ठेवलं. आपली रीत ती. पाकीट नुसत्या शून्यांचं देत नाहीत. साहेबांच्या दारी गेले, बेल दाबली, मागे सरले. साहेबांनी दोन्ही हातांनी पाकीट घेतलं. हायाशीबाई हसल्या. या वेळी मी तोंड घट्ट मिटून ठेवलं होतं. वाकले आणि घरी आले. कर्ज फिटलं. पै न् पै फिटलं.

संध्याकाळी बेल वाजली. दारात कुणी नाही, पायरीवर एक छोटंसं पाकीट. हायाशीसाहेब पैशांच्या बाबतीत फार काटेकोर. त्यांनी मोजून पाहिलं होतं आणि जास्तीचा आलेला एक युरो परत केला होता.

तिकडे गावात पेटीवर ऑइलपेंटनं माझ्या गायनाच्या बिदागीचं नाव चमकतं आहे. आणि इकडे माझ्या आयुष्यभराच्या गायनाची खरी बिदागी देवघरात ठेवली आहे. एक युरो. तोही माझाच!